हरताळ : मजकूर झाकण्याच्या एका शब्दाचा अर्थ आणि उगम

१. प्रश्नाचे स्वरूप

'नियमांना हरताळ फासला' हे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला नवे नाही. नियम धाब्यावर बसवले गेले, एवढा अर्थ त्याला सहज कळतो. मात्र हरताळ म्हणजे काय आणि तो 'फासावयाचा' कसा, असे विचारल्यास बहुतेक वाचक थांबतील. हेच वाक्य छत्तीसगडातील भिलाईसारख्या नगरात, हिंदी माध्यमातून शिकलेल्या एखाद्या मराठी भाषकापुढे ठेवले, तर अडचण आणखी वाढेल. त्याच्या कानाला परिचित असलेला शब्द 'हड़ताल' हा आहे आणि त्याचा अर्थ कामबंदी असा आहे. नियमांना कामबंदी कशी फासता येईल, हा त्याचा प्रश्न अज्ञानातून आलेला नसून दोन भाषांच्या सीमेवर उभे राहिल्यामुळे पडलेला असेल आणि म्हणूनच तो विचारार्ह आहे.

प्रस्तुत लेखात या शब्दाचा अर्थ आणि उगम यांचा विचार करावयाचा आहे. हेतू केवळ व्युत्पत्ती सांगण्याचा नाही. इंग्रजीत आज 'रिडॅक्शन' या शब्दाने दस्तऐवजातील काही मजकूर झाकून उरलेला दस्तऐवज वाचकाच्या हाती देण्याची क्रिया ओळखली जाते. मराठीत तिला सर्वमान्य नाव नाही. 'सेन्सॉर केले', 'काळे केले', 'गाळले', 'खोडले' असे शब्द आपण आलटूनपालटून वापरतो आणि त्यांतील भेद हरवून बसतो. हरताळ हा या क्रियेचा आपल्याकडील जुना, हस्तलिखितांच्या व्यवहारातून आलेला शब्द आहे. त्याचा प्रवास पाहिला म्हणजे झाकणे, खोडणे आणि गाळणे या तीन क्रिया वाचकाशी तीन वेगवेगळ्या प्रकारे वागतात, हे स्पष्ट होते. हा भेद दाखवणे हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. एका रूपात दोन शब्द

मराठीतील 'हरताळ' या एकाच रूपात दोन भिन्न कुळांचे शब्द एकत्र आले आहेत.

पहिला शब्द संस्कृत 'हरिताल' याचे मराठी रूप होय. हरिताल हे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळेजर्द खनिज. 'हरि' या शब्दाच्या अनेक अर्थांत पिवळसर वर्णाचा अर्थ आहे; 'ताल' हा शब्द एकटाही याच खनिजासाठी वापरला जातो. अमरकोशात ताल, आल आणि पीतन हे त्याचे पर्याय म्हणून दिलेले आहेत. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात, चित्रकाराच्या रंगपेटीत आणि लेखनिकाच्या दौतीशेजारी असे तिन्ही ठिकाणी या द्रव्याला स्थान होते. त्याचा लाल रंगाचा सोबती म्हणजे मनशीळ.

दुसरा शब्द 'हट्ट' म्हणजे हाट वा दुकान आणि 'ताल' म्हणजे कुलूप यांच्या जोडणीतून आला. दुकानाला कुलूप घालणे हा त्याचा मूळ अर्थ. गुजरातीत आणि हिंदीत 'हडताल', 'हड़ताल' ही रूपे रूढ झाली. ६ एप्रिल १९१९ रोजी गांधीजींच्या हाकेवरून देशभर पाळल्या गेलेल्या हरताळानंतर हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांतही स्थिरावला.

हिंदीने या दोन शब्दांत 'ड़' आणि 'र' यांच्या साहाय्याने भेद राखला : 'हड़ताल' म्हणजे कामबंदी, 'हरताल' म्हणजे खनिज. मराठीत दोन्ही 'हरताळ' झाले. तरीही मराठीने भेद गमावला असे म्हणता येत नाही. तो तिने क्रियापदाकडे सोपवला. कामबंदीचा हरताळ आपण 'पाळतो', खनिजाचा हरताळ 'फासतो'. 'नियमांना हरताळ पाळला' असे कोणी म्हणत नाही आणि 'व्यापाऱ्यांनी हरताळ फासला' असेही म्हणत नाही. शब्दाचा मूळ पदार्थ विस्मरणात गेल्यानंतरही क्रियापदाने त्याची ओळख जपली आहे. व्युत्पत्तीच्या अभ्यासात नामाइतकेच त्याच्या सोबतच्या क्रियापदाकडे लक्ष का द्यावे, याचे हे चांगले उदाहरण होय. भाद्रपदातील 'हरतालिका' हे व्रतनाम या दोहोंसारखे ऐकू येते. परंतु त्याची परंपरागत फोड निराळी असल्याने ते येथे विचारात घेण्याचे कारण नाही.

३. भिलाईतील शब्दव्यवहार

भिलाईचा उल्लेख वर सहज आलेला नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर वसलेल्या या नगरात देशाच्या अनेक भागांतून माणसे आली. छत्तीसगडचा मराठीशी संबंध अर्थात त्यापूर्वीचा आहे. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून या प्रदेशाचा कारभार पाहिला आणि नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होईपर्यंत हा संबंध वेगवेगळ्या स्वरूपांत टिकला. म्हणजे येथे मराठी ही कारखान्याबरोबर आलेल्यांची भाषा आहे, तशीच ती एका जुन्या दप्तराचीही भाषा आहे.

अशा ठिकाणी शब्दांची टक्कर नित्याची असते. कामबंदीला मराठी भाषक घरात 'संप' म्हणतो. हाच शब्द गुजरातीत ऐक्य, सलोखा या अर्थाने चालतो. कामगारांच्या एकजुटीपासून कामबंदीपर्यंतचा अर्थप्रवास मराठीने केला, गुजरातीने केला नाही. घराबाहेर भिंतीवर मात्र 'हड़ताल' लिहिलेले असते. मालकाने केलेल्या बंदीला हिंदीत 'तालाबंदी' आणि मराठीत 'टाळेबंदी' म्हणतात. कामगाराच्या 'हड़ताल' या शब्दात आणि मालकाच्या 'तालाबंदी' या शब्दात कुलूप एकच आहे, ते लावणारा हात तेवढा बदलतो.

या शब्दांना भिलाईत रक्ताचा इतिहास आहे. कंत्राटी कामगारांच्या आंदोलनाचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. त्यानंतर १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. ज्या नगराच्या स्मृतीत 'हड़ताल' या शब्दाला एवढे वजन आहे, तेथे 'हरताळ फासणे' या मराठी वाक्प्रचाराचा खनिजाशी असलेला संबंध झाकला जावा, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. एका शब्दाने दुसऱ्यावर हरताळ फासला, असेही म्हणता येईल.

हिंदी-मराठीच्या या शेजारात आणखी एका शब्दाची नोंद पुढील विवेचनासाठी उपयुक्त आहे. मराठीत 'संशोधन' म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. विधेयकात 'संशोधन' होते. मूळ 'शुध्' धातूचा अर्थ शुद्ध करणे. एका भाषेने शुद्ध करताना काय सापडले याकडे पाहिले, दुसरीने काय बदलले याकडे. मजकुरातून काही काढून टाकणे ही या धातूच्या अर्थक्षेत्रात शुद्धीची क्रिया आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

४. पोथीतील हरताळ

हस्तलिखिताच्या व्यवहारात हरताळाचे कार्य नेमके होते. हरताळ बारीक वाटून, डिंकाच्या पाण्यात कालवून त्याचा लेप तयार करीत. नक्कल करताना अक्षर चुकले, ओळ दोनदा लिहिली गेली किंवा शब्द पुढेमागे झाला, की त्या जागेवर हा लेप देत. जुन्या कागदाच्या पिवळसर रंगाशी तो जुळून जाई. वाळल्यावर त्यावर पुन्हा शाईने लिहिता येई. कीटकांना हे द्रव्य मानवत नसे, हा त्याचा आणखी एक गुण. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वर्णनात्मक सूचींत पोथ्यांची माहिती देताना दुरुस्तीसाठी पिवळे रंगद्रव्य वापरले असल्याची नोंद वारंवार आढळते. ज्या ताडपत्रांवर अक्षर कोरलेले असे, तेथे हा उपाय चालत नसे. चुकलेल्या अक्षरावर टिंबे किंवा लहान रेघा देऊन ते रद्द झाल्याचे दर्शवीत.

या क्रियेची तीन वैशिष्ट्ये लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले असे की, ती लिहिणाऱ्याने वा तपासणाऱ्याने मजकुराच्या हितासाठी केलेली क्रिया होती. दुसरे असे की, ती रिकामी जागा सोडण्यासाठी नसून योग्य अक्षराला जागा करून देण्यासाठी होती. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, ती लपत नसे. पोथी हाती घेणाऱ्याला येथे काहीतरी झाकले आहे हे दिसत असे. लेपाचा पापुद्रा उडाला तर खालचे अक्षरही पुन्हा वाचता येई. हरताळ चूक झाकत असे, चूक झाली होती ही वस्तुस्थिती झाकत नसे.

येथून 'हरताळ फासणे' या वाक्प्रचाराचा उगम समजून घेता येतो. हिंदीतही 'हरताल लगाना', 'हरताल फेरना' असे प्रयोग रद्द करणे, केले न केले सारखेच करणे या अर्थाने आहेत. तेव्हा हा अर्थविस्तार एकट्या मराठीचा नव्हे. जेथे जेथे पोथीलेखनाची ही पद्धत होती, तेथे तो सुचण्याजोगा होता. मराठीने मात्र 'फासणे' हे क्रियापद निवडले आणि त्याने अर्थाला धार आली. फासणे म्हणजे जाडसर, बेपर्वाईने लेपणे. राख फासतात, शेंदूर फासतात, तोंडाला काळे फासतात. लेखनिकाचा काळजीपूर्वक दिलेला लेप या क्रियापदात उरलेला नाही. दुरुस्तीचे साधन विटंबनेच्या शब्दकुळात जाऊन बसले.

अर्थाची उलटापालट येथेच थांबत नाही. पोथीत अक्षर जाई आणि शुद्ध मजकूर राही. वाक्प्रचारात नियम, वचन किंवा तत्त्व यांची अक्षरे जशीच्या तशी राहतात, जातो तो त्यांचा प्रभाव. कायदा पुस्तकात छापलेला असतो, त्याला हरताळ फासलेला असतो. दस्तऐवज झाकण्याच्या आधुनिक क्रियेत नेमके याच्या उलट घडते. तेथे अक्षरे वाचकासमोरून जातात आणि प्रभाव कायम राहतो. ज्या आदेशाच्या ओळी काळ्या केल्या, तो आदेश अंमलात असतोच. म्हणून 'रिडॅक्शन'ला हरताळ हा प्रतिशब्द सहजासहजी देता येत नाही. क्रियेच्या बाह्य रूपात साम्य आहे, परिणामात नाही.

५. अन्य भाषांतील समांतर प्रवास

'रिडॅक्शन' या शब्दाचा प्रवासही असाच उलट दिशेने झालेला आहे. लॅटिन क्रियापदाचा मूळ अर्थ मागे आणणे, एकत्र आणणे, आकार देणे असा. त्यावरून फ्रेंचमध्ये मजकुराची सिद्धता, जर्मनमध्ये संपादकीय कार्यालय असे अर्थ रूढ झाले. भिलाईचा कारखाना ज्यांच्या साहाय्याने उभा राहिला त्या रशियन तंत्रज्ञांच्या भाषेत 'रिदाक्त्सिया' म्हणजे आजही संपादकीय विभाग. इंग्रजी विद्याव्यवहारातही दीर्घकाळ हा शब्द संस्करण याच अर्थाने चालला. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३६ मध्ये भृगुकुळ आणि महाभारत यांच्या संबंधांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यावरून पुढे झालेल्या भार्गव संस्करणाच्या चर्चेत 'रिडॅक्शन' म्हणजे मजकुरात भर घालणे, त्याला नवे वळण देणे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विधी आणि प्रशासनाच्या इंग्रजीत त्याच शब्दाला मजकूर झाकण्याचा अर्थ चिकटला. आज महाभारताचा अभ्यासक आणि माहिती अधिकाराचा अर्जदार हे दोघे एकच इंग्रजी शब्द उच्चारतात; एकाला भर अभिप्रेत असते, दुसऱ्याला घट. मराठी अनुवादकाने येथे सावध राहणे अगत्याचे आहे.

रशियात या क्रियेला आणखी एक, लोकांनी दिलेले नाव होते. झारशाहीत बाहेरून येणाऱ्या वृत्तपत्रांतील आक्षेपार्ह स्तंभांवर दाट काळी शाई फासली जाई. वाचकांनी त्या काळ्या, चकचकीत थराला 'इक्रा' म्हणजे माशाची काळी अंडी असे नाव दिले. त्यावरून फ्रेंचने 'कॅव्हिआर्दे' हे क्रियापद घडवले आणि ते आजही वापरात आहे. सरकारी कृतीला दिलेले हे उपहासाचे नाव आहे.

अलेक्झांड्रियाच्या ग्रीक पंडितांची रीत याहून निराळी होती. होमरच्या काव्यातील ज्या ओळी प्रक्षिप्त वाटत, त्यांच्या बाजूला ते 'ओबेलॉस' ही आडवी रेघ देत. ओळ तशीच राही, संशयाची खूण तेवढी उमटे. इंग्रजीतील 'बाउडलराइझ' हा शब्द याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. कुटुंबात वाचता यावे म्हणून शेक्सपिअरच्या नाटकांतील शब्द व प्रसंग वगळून १८०७ मध्ये निघालेल्या आवृत्तीशी थॉमस बाउडलर यांचे नाव जोडले गेले. तेथे पानावर खूण नव्हती. काय वगळले हे मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याखेरीज कळत नसे.

मराठीतील पारिभाषिक शब्द या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहेत. सेन्सॉरशिपसाठी 'अभ्यवेक्षण' हा शब्द घडवला गेला. नाटकांसाठी 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ' हे नाव रूढ आहे. दोन्ही शब्द 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या धातूवरून आलेले आहेत. शासनाची परिभाषा पाहण्याचे नाव घेते, पुसण्याचे घेत नाही. लोकभाषेचे शब्द याच्या उलट आहेत : कात्री लावणे, काट मारणे, बोळा फिरवणे, हरताळ फासणे. येथे हात दिसतो, हत्यार दिसते आणि पानावर उरलेली खूणही दिसते. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने काटछाट सुचवली आणि कमलाकर सारंग यांनी तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात लढा देऊन यश मिळवले. त्या वादात लोक 'परिनिरीक्षणा'विषयी बोलत नव्हते, 'कात्री'विषयी बोलत होते. हा फरक केवळ शैलीचा नाही.

६. खोडणे, झाकणे, गाळणे

आता मूळ प्रतिपादनाकडे वळता येईल. मजकूर कमी करण्याच्या क्रियांचे वर्गीकरण त्या कोणी केल्या किंवा का केल्या यावरून करण्याऐवजी, वाचकाला काय कळू शकते यावरून केले, तर मराठीतील तीन साधी क्रियापदे नेमकी उपयोगी पडतात.

'खोडणे' म्हणजे अक्षरावर रेघ मारणे. येथे काय होते आणि ते रद्द झाले आहे, हे दोन्ही वाचकाला कळते. 'झाकणे' म्हणजे अक्षरावर आवरण घालणे. येथे काहीतरी होते हे वाचकाला कळते, काय होते ते कळत नाही. 'गाळणे' म्हणजे मजकूर काढून पुढचा-मागचा भाग जुळवून घेणे. येथे काही होते हेही वाचकाला कळत नाही. हरताळ हा मुळात झाकण्याच्या वर्गातला आहे. ग्रीक ओबेलॉस त्याहूनही सौम्य. रशियन काळी शाई झाकण्याच्या वर्गातली. बाउडलरची पद्धत गाळण्याची.

मराठी परंपरेत या वर्गीकरणाची कसोटी पाहावयाची तर ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचा विचार करावा लागेल. शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या काळी पाठ बिघडले होते आणि भर पडली होती, म्हणून हे कार्य त्यांनी केले, असे परंपरा सांगते. या कार्याचे मोल वादातीत आहे. मात्र नाथांनी कोणत्या ओव्या बाजूला ठेवल्या, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी नाथपूर्व म्हणून एक संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा उठलेला वाद याच उणिवेतून जन्मला. शुद्ध प्रत हाती आली, शुद्धीचा थर हाती आला नाही. नाथांनी आपल्या काळाच्या रीतीनेच हे कार्य केले. दोष द्यावयाचा प्रश्न नाही. तथापि पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे गाळणे ठरते.

याच्या शेजारी महाभारताची चिकित्सित आवृत्ती ठेवावी. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले आणि १९६६ मध्ये संहितेचे संपूर्ण काम तडीस गेले. या आवृत्तीत संहितेतून बाजूला काढलेल्या ओळी नष्ट केलेल्या नाहीत. त्या तारांकित करून पृष्ठाच्या तळाशी आणि परिशिष्टांत दिल्या आहेत. ज्या शब्दांविषयी खात्री कमी, त्यांच्याखाली नागमोडी रेघ आहे. म्हणजे संपादकांनी हजारो ओळी खोडल्या, पण एकही गाळली नाही. हरताळाखालचे अक्षर वाचकाला पाहता यावे, अशी ही व्यवस्था आहे.

हे कार्य ज्या संस्थेत झाले, तिच्यावरच ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला होऊन ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. शिवाजी महाराजांविषयीच्या एका ग्रंथावरून उठलेल्या वादाचे ते पर्यवसान होते. त्याआधी, डिसेंबर २००३ मध्ये, पुण्यातील एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासण्यात आले होते. पोथीतील चुकीवर सांभाळून दिलेला पिवळा लेप आणि वाचणाऱ्याच्या तोंडाला फासलेले काळे, या दोहोंसाठी मराठीत 'फासणे' हे एकच क्रियापद उरले आहे. शब्दाच्या या घसरणीत समाजाच्या वाचनव्यवहाराचा काही भाग नोंदला गेला आहे, असे म्हणावेसे वाटते.

७. रिकामी जागा आणि तिची भीती

शाळेच्या प्रश्नपत्रिकेत 'गाळलेल्या जागा भरा' असा प्रश्न असतो. तेथे 'गाळलेली' असूनही जागा दिसत राहते. म्हणजे या प्रयोगात गाळणे हे झाकण्याच्या वर्गात येते. जागा दिसणे ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते आणीबाणीच्या काळात स्पष्ट झाले. जून १९७५ च्या अखेरीस प्रसिद्धिपूर्व नियंत्रण लागू होताच काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. कोरी जागा वाचकाला सांगत होती की, येथे काही होते. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशी जागा कोरी सोडण्यास मनाई करण्यात आली. मजकूर काढून टाकणे पुरेसे नव्हते, काढल्याची खूणही नको होती. नियंत्रणाचा हा प्रवास झाकण्यापासून गाळण्याकडे झाला आणि तो प्रवासच त्याचे खरे स्वरूप सांगून गेला. १९७६ मध्ये मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नियंत्रकाने नाकारलेल्या मजकुराची तपासणी केली आणि त्याच्या अधिकाराला मर्यादा असल्याचे ठरवले. नाकारलेला मजकूर कोठेतरी शिल्लक होता, म्हणूनच न्यायालयाला तो तपासता आला.

छत्तीसगडच्या वृत्तपत्रीय इतिहासातील एक घटना येथे आठवते. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि १९०७ मध्ये नागपूरहून 'हिंदी केसरी' काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना अटक झाली; क्षमापत्रानंतर त्यांची सुटका झाली आणि त्या क्षमापत्राचे शल्य त्यांना पुढे दीर्घकाळ राहिले. पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणून त्यांनी दोन भाषांना जोडणारे मोठे काम केले. त्या काळच्या कायद्याने छापण्यापूर्वी अक्षरावर शाई फासली नाही. छापल्यानंतर लिहिणाऱ्याकडूनच ते परत घेण्याची व्यवस्था केली. अशा व्यवस्थेत पुढची अक्षरे लेखणीतच गाळली जातात आणि त्या गाळण्याची खूण कोणत्याही पानावर सापडत नाही.

८. सही असलेले झाकण

झाकणे नेहमीच अन्याय्य असते, असा या विवेचनाचा अर्थ नाही. पीडितेचे नाव, रुग्णाचा आजार, साक्षीदाराचा पत्ता झाकणे हे कर्तव्य असू शकते. प्रश्न झाकण्याच्या रीतीचा आहे आणि आपल्या विधिव्यवहारात त्याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते.

१९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम २० नुसार दस्तात खाडाखोड, ओळींमधली भर वा कोरी जागा असेल आणि दस्त करून देणाऱ्याने त्या जागी सही वा आद्याक्षरे करून ती साक्षांकित केली नसेल, तर नोंदणी अधिकारी तो दस्त नाकारू शकतो. खोडण्याला बंदी नाही; निनावी खोडणे मात्र मान्य नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील कलम १० हेच तत्त्व झाकण्याला लावते. अभिलेखातील जो भाग उघड करण्यापासून सूट आहे तो वेगळा काढून उरलेला भाग द्यावा, असे हे कलम सांगते. मात्र तसे करताना अर्जदाराला कळवावे लागते की दिलेला अभिलेख अंशतः आहे, भाग वेगळा काढण्याची कारणे कोणती आहेत आणि निर्णय देणाऱ्या व्यक्तीचे नाव व पदनाम काय आहे. भिलाईचा कारखाना सार्वजनिक क्षेत्रातील असल्यामुळे तेथील अर्जदारालाही हे कलम लागू आहे. झाकणाऱ्याने झाकल्याचे सांगावे, कारण द्यावे आणि सही करावी, या तीन अटी पोथीतल्या पिवळ्या लेपाच्या स्वभावाशी जुळणाऱ्या आहेत.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. 'हरताळ फासणे' यातील हरताळ हा हरिताल या खनिजापासून आलेला आहे, कामबंदीच्या हरताळाशी त्याचा कुळसंबंध नाही आणि हा भेद मराठीत क्रियापदाने राखला आहे. पोथीत दुरुस्तीचे साधन असलेला हा शब्द वाक्प्रचारात अवमानाचा वाचक झाला. संस्करणाकडून झाकण्याकडे गेलेला 'रिडॅक्शन' हा शब्द अर्थाच्या अशाच उलटापालटीतून गेला आहे. या दोहोंना परस्परांचे प्रतिशब्द करणे मात्र योग्य होणार नाही, कारण वाक्प्रचारातील निषेधाचा सूर आता हरताळापासून वेगळा काढता येत नाही.

परिभाषेसाठी नवा संस्कृत शब्द घडवण्याऐवजी 'मजकूर झाकणे' आणि 'झाकलेला मजकूर' ही साधी रूपे स्वीकारावीत, आणि 'गाळणे' हा शब्द खूण न ठेवता काढलेल्या मजकुरासाठी राखून ठेवावा, असे सुचवावेसे वाटते. अनुवादात, संपादनात आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात एवढा विवेक पाळला, तरी कोणत्या दस्तऐवजातून काही झाकले आणि कोणत्यातून गाळले, हे वाचकाला विचारता येईल. भिलाईतल्या वाचकाला हरताळ म्हणजे काय असा प्रश्न पडला, तर त्याला त्या पिवळ्या लेपाचे उत्तर देता यावे. आणि त्या लेपाखाली अक्षर होते, हेही सांगता यावे.